समई नंतर, जज आधी

गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, की माझ्या दोन विद्यार्थिनी परदेशी मुलांसमोर डिबेट करून आल्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यांतली तीन आज घेते.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वक्तृत्वाची बरीच बक्षिसं मिळाली, पण सगळी मराठीतली. कॉलेजने मला आंतरराष्ट्रीय डिबेटच्या संघात घेतलंय. इंग्रजी बोलताना मी अडखळते. शिवाय विषय पंधरा मिनिटं आधीच कळतो म्हणतात. खरं का?

उत्तर : खरं आहे, बाय. तुझ्या कपाटातल्या कपांबद्दल मला आदर आहे. माझ्याकडेही चार आहेत, त्यांतल्या एकाचा कान तुटलाय. पण ते कप ज्या भाषणांवर मिळाले ती आपण महिनाभर घोटलेली होती, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

इथे बहुतेक ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धत असते. एका खोलीत चार संघ, प्रत्येकात दोघं. दोन संघ सरकारचे, म्हणजे विषयाच्या बाजूने बोलणारे, दोन विरोधातले. बाजू आपण निवडायची नाही, वाट्याला येईल ती घ्यायची. मोशन, म्हणजे वादाचा विषय, जाहीर झालं की पंधरा मिनिटं तू आणि तुझी जोडीदार, हातात कागद-पेन. मग प्रत्येकाला सात मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरच्या बाजूचा कोणीही उभा राहून तुला प्रश्न विचारायची परवानगी मागू शकतो. घ्यायचा की बसवायचा, ते तू ठरवायचं. एकही घेतला नाहीस तर जज म्हणतात घाबरली, चार घेतलेस तर तुझं भाषण दुसऱ्यांनीच केलं असं होतं. दोन घे. आणि ‘सन्माननीय व्यासपीठ, माझे गुरुजन’ घरी ठेवून जा. सात मिनिटांतली तीस सेकंदं त्यात जातात.

खरी गंमत म्हणजे एकाच बाजूचे दोन संघ सोबतीही असतात आणि प्रतिस्पर्धीही. देऊळ एक, पण वाड्यावरची भजनी मंडळं दोन, तसं. म्हणून दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे क्लोजिंगला, बोलायची वेळ आली तर पहिल्यांनी मांडलेलं गिरवून भागत नाही. उदाहरणार्थ मोशन समज असं आहे : ‘हे सदन गोव्यातल्या खाणी पुन्हा सुरू करण्याला विरोध करील.’ सरकारचा पहिला संघ शेतात आलेला खाणमाती-चिखल, आटलेल्या विहिरी सांगणार. विरोधातला पहिला संघ २०१२ला खाणी बंद पडल्यावर दारात उभे राहिलेले ट्रक आणि त्यांचे हप्ते सांगणार. हे दोन्ही बोलून झाल्यावर तू सरकारकडून क्लोजिंगला उभी राहिलीस तर काय सांगशील? ‘पर्यावरण महत्त्वाचं’ असं पुन्हा म्हणालीस तर चौथी येशील. पण ‘खाण चालू असते तेव्हा तालुक्यात दुसरा धंदा उभाच राहत नाही, म्हणून ती बंद पडली की माणूस इतका लाचार होतो, ट्रकचे हप्ते हा खाणी सुरू करण्यासाठीचा नव्हे, त्यांच्यावर विसंबून न राहण्यासाठीचा मुद्दा आहे,’ असं म्हणालीस, तर जज लिहायचं थांबून मान वर करतील. समोरच्याचंच हत्यार आपल्या हातात घ्यायचं. मात्र आपल्याच बाजूच्या पहिल्या संघाला खोटं पाडायचं नाही. त्याला ‘नाइफिंग’ म्हणतात आणि ते महागात पडतं.

आता इंग्रजी. जजना आधीच बजावलेलं असतं, की उच्चार आणि अलंकार यांना मार्क नाहीत, मुद्दा किती पटला ते पाहा. छोटी वाक्यं बोल. मोठ्या स्पर्धांत पहिली भाषा इंग्रजी नसलेल्यांसाठी बाद फेऱ्या वेगळ्याही असतात, त्याला ईएसएल, म्हणजे ‘इंग्लिश ॲज अ सेकंड लँग्वेज’, म्हणतात. त्यासाठी घरी काय बोलता, इंग्रजी माध्यमात किती वर्षं शिकलात, असं विचारतात. आपलं गोव्याचं प्रकरण तिथे जरा गुंत्याचं होतं : घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. खरं तेच लिही. कुठल्या गटात घालायचं ते त्यांना ठरवू दे.

सरावाचं एकच सांगते. जोडीदाराबरोबर रोज बोलू नका, रोज ऐका. दुसऱ्याचं सात मिनिटांचं भाषण ऐकून त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगल्या तीन वाक्यांत सांगता येतं का, ते बघा. आपण वक्तृत्ववाले इथेच मार खातो. समोरचा बोलत असताना आपण मनात आपलं पुढचं वाक्य घोळवत असतो.

प्रश्न : मी फोंड्याजवळच्या एका कॉलेजात शिकवतो. डिसेंबरात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी डिबेट भरवायचा प्राचार्यांचा विचार आहे. सभागृह, मान्यवर, स्मृतिचिन्हं यांची तयारी सुरू केली आहे. आणखी काय लागेल?

उत्तर : सर, राग मानू नका, पण तुम्ही शेवटून सुरुवात केलीत. सभागृह फक्त फायनलला लागतं. बाकी वेळ लागतात वर्ग, आणि त्यांच्या किल्ल्या.

हिशेब करू. बत्तीस संघ म्हणजे चौसष्ट मुलं. एका खोलीत चार संघ, म्हणून आठ खोल्या एकाच वेळी. प्रत्येक खोलीत तीन जज धरले तर चोवीस जज. हे चोवीस कुठून आणणार? प्रथा अशी, की जितके संघ आणाल त्यापेक्षा एक कमी इतके जज आणायचे. तीन संघांचं कॉलेज दोन जज आणतं. पण आपल्याकडची छोटी कॉलेजं एकच संघ पाठवतात, आणि एकातून एक वजा केला की उरतो शून्य! बत्तीस कॉलेजांनी एकेक संघ पाठवला तर तुमच्याकडे एकही जज येत नाही. म्हणून स्मृतिचिन्हांचे पैसे वाचवा आणि बाहेरच्या दहा-बारा अनुभवी जजच्या तिकिटांना आणि राहण्याला लावा. नामवंत वकील किंवा निवृत्त प्राध्यापक म्हणून कोणाला थेट जजच्या खुर्चीत बसवू नका. आदल्या दिवशी दोन तास शिकवा, एक नमुना डिबेट दाखवा. ज्यांना जमत नाही त्यांना शिकाऊ म्हणून बसवा, म्हणजे ते ऐकतील पण मत देणार नाहीत. अवघड आहे, माहीत आहे. मीही एकदा एका ज्येष्ठांना शिकाऊ बसवलं होतं. ते अजून बोलत नाहीत.

वेळेचं सांगते. तयारीची पंधरा मिनिटं, आठ भाषणांची छप्पन्न, जजच्या चर्चेला वीसेक, मग निकाल समजावून सांगणं, आणि जिने चढणं-उतरणं. एक राउंड पावणेदोन तासांच्या आत होत नाही. दिवसाला तीन राउंड झाले म्हणजे खूप झाले. जागतिक विद्यापीठ स्पर्धा, जी १९८१ला ग्लासगोत सुरू झाली आणि २०१४ची आपल्याकडे चेन्नईत भरली, तिथे नऊ राउंडनंतर बाद फेऱ्या होतात. तुम्ही पाच राउंड घ्या, मग वरचे आठ संघ, दोन सेमीफायनल, प्रत्येकीतून दोन संघ फायनलला. एवढं दोन-अडीच दिवसांत बसतं.

माझा पहिला अनुभव ऐका. कॉलेजचं नाव सांगत नाही, मी तिथेच होते. समई पेटायला तासभर उशीर, कारण पाहुणे वाटेत होते. आल्यावर त्यांनी तरुण पिढीवर चाळीस मिनिटं घेतली. बाहेरून आलेल्या मुख्य जजने हळूच मला विचारलं, पहिला राउंड आजच आहे ना? मग कळलं की तिसऱ्या मजल्याच्या किल्ल्या ज्या शिपायाकडे होत्या तो लग्नाला गेलाय. एक राउंड तिथेच रद्द झाला. दुपारी वीज गेली, वायफाय गेलं, निकाल कागदावर यायला लागले आणि घाईत मी एका खोलीतला पहिला आणि चौथा संघ उलटे लिहिले. साधी चूक वाटेल, पण पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, आणि शेवटच्याला शून्य. पुढच्या राउंडला सारख्या गुणांचे संघ एकमेकांसमोर येतात. माझ्या एका चुकीने दोन खोल्या बिघडल्या, आणि कळलं तेव्हा मुलं भाषणं करून चहा पीत होती. तेव्हापासून माझा नियम असा, की निकालाचा प्रत्येक कागद एकाने वाचायचा, दुसऱ्याने भरायचा, तिसऱ्याने ताडून पाहायचा. गुण मोजून पुढच्या राउंडच्या खोल्या लावणारं टॅबीकॅटसारखं सॉफ्टवेअर वापरा, पण कागद फेकू नका.

डिसेंबर सोडाच. नाताळाच्या सुमारास गोव्यात खोलीचे दर काय होतात ते तुम्हाला सांगायला नको, आणि जागतिक स्पर्धाही वर्षअखेरीलाच असते, चांगले संघ तिकडे जातात. पावसात घ्या, पण चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आसपास नको. त्या आठवड्यात तुमचा एकही स्वयंसेवक गणपतीवर बांधायची फळांची माटोळी सोडून येणार नाही. पावसात घेतलंत तर पत्र्याच्या छपराचे वर्ग मात्र टाळा. आषाढाची सर आली की सात मिनिटांतली तीन कोणाला ऐकूच येत नाहीत.

परदेशी मुलांना व्हिसासाठी निमंत्रणपत्र काही महिने आधी द्या. अपमान किंवा त्रास झाला तर ज्याच्याकडे जायचं असा एक माणूस नेमा, आणि त्याचं नाव पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. जेवणात मासे ठेवाच, पण शाकाहारी आणि हलाल काय आहे त्याची पाटी लावा.

प्रश्न : माझी मुलगी डिबेट करते. मनात नसलेल्या बाजूनेही ती तावातावाने बोलते. परवा घरात जे म्हणाली त्याच्या नेमकं उलट स्पर्धेत म्हणाली आणि जिंकली. म्हापशाच्या आमच्या घरात असं कोणी वागत नाही. खोटं बोलायची सवय लागणार नाही का?

उत्तर : १६ जानेवारी १९६७ला गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावर जनमत कौल झाला : फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. माझ्या आजोबांच्या घरात त्या दिवशी एका भावाने फुलाला मत दिलं, दुसऱ्याने दोन पानांना. विलीनीकरण चौतीस हजार एकवीस मतांनी हरलं, आणि दोघे भाऊ पुढे कित्येक वर्षं एकमेकांच्या पंगतीला बसले नाहीत. दोन्ही बाजूंचा वाद मराठीतही चालला होता, एकीकडे ‘गोमन्तक’, दुसरीकडे ‘राष्ट्रमत’. तरी दुसऱ्याचा पेपर मात्र घरात कोणी उघडत नव्हतं.

मी वर्गात जनमत कौलावर डिबेट घेते. चिठ्ठी टाकून बाजू ठरते. एकदा एका मुलीच्या वाट्याला दोन पानं आली. तिचे आजोबा विलीनीकरणासाठी गावोगाव फिरलेले. ती चिडून घरी गेली. आठवडाभराने आली ती आजोबांशी तासन्‌तास बोलून. त्यांना तिने विचारलं होतं, की तुम्हाला तेव्हा समोरच्यांचा कुठला मुद्दा सगळ्यात जास्त टोचला? त्यांनी सांगितला. तोच तिने वर्गात मांडला. ती अजून आजोबांच्याच बाजूची आहे.

तुमची मुलगी खोटं बोलत नाही. चिठ्ठीत आलेली बाजू मांडते, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं. तरी शंका राहत असेल तर रविवारी जेवताना तिला एक विषय द्या, बाजू चिठ्ठीने ठरवा, आणि समोरून तुम्ही बोला. घड्याळ लावा. सात मिनिटं झाली की तुम्हीही थांबायचं.