पहिल्यांदाच पोलिंग एजंट (मतदान केंद्रात उमेदवाराचा माणूस) म्हणून बसणार असशील तर

सगळ्यात आधी हे लक्षात ठेव, मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची मशीनची चाचणी, चुकवायचा नाही, तो मतदानाच्या दीड तास आधी सुरू होतो आणि नवीन पोरं नेमकी त्यानंतर डोळे चोळत येतात. सही केलेला फॉर्म १०, म्हणजे तुझ्या नेमणुकीचं पत्र, सोबत घे, तो केंद्राध्यक्षांना दिल्याशिवाय आत बसता येत नाही.

मॉक पोलला कमीत कमी ५० मतं टाकतात, मग मशीनचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) चिठ्ठ्या जुळवतात, मग क्लिअर करून टोटल शून्य दाखवतात आणि चिठ्ठ्यांचा कप्पा रिकामा करतात, हे सगळं स्वतः वाकून बघ, सीलचे नंबर लिहून घे आणि मगच सही कर. घाई करतील, पण तू शांतपणे बघ, तो तुझा हक्क आहे.

मोबाईल बाहेरच. आवाज चढवून बोलू नको, कर्मचारीही आदल्या दिवसापासून राबतायत बिचारे.

एखाद्याचं मत आधीच कुणीतरी देऊन गेलेलं निघालं तर तो माणूस रडवेला होऊन घरी जायला निघतो, त्याला थांबव, ओळख पटली की प्रदत्त मत देता येतं, म्हणजे मशीनऐवजी मतपत्रिकेवर. माझ्यासमोर एक आजी अशाच परत चालल्या होत्या, अजून आठवलं की वाईट वाटतं.

आणि शेवटी कितीही दमलास तरी १७सी ची (पडलेल्या मतांचा हिशेब असलेला फॉर्म) कॉपी घेतल्याशिवाय उठू नको, त्यातला एकूण मतांचा आकडा मशीनच्या टोटलशी तिथेच ताडून बघ.