डेंग्यूचा अहवाल ‘निगेटिव्ह’, मग ताप कशाचा?

वाचकांचे प्रश्न : विषाणू आणि प्रयोगशाळा

प्रश्न : माझ्या मुलाला सहा दिवस ताप होता. सहाव्या दिवशी रक्त तपासले तेव्हा डेंग्यूची ‘एनएस-वन’ चाचणी निगेटिव्ह आली. दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘आयजीएम’ तपासायला सांगितले, तर ती पॉझिटिव्ह निघाली. दोनपैकी एका प्रयोगशाळेची चूक झाली असे समजावे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून दोन्ही प्रयोगशाळांचे अहवाल बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे, कारण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी शोधल्या आहेत. हे नीट समजण्यासाठी आधी डेंग्यूच्या विषाणूची रचना पाहावी लागेल.

हा विषाणू साधारण ५० नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढा गोल कण असतो. त्याच्या गाभ्यात आरएनएचा, म्हणजे जनुकीय माहिती साठवणाऱ्या रेणूचा, सुमारे ११,००० अक्षरांचा एकच धागा असतो. या धाग्याला विषाणूच्याच एका प्रथिनाने सावरून धरलेले असते. त्याभोवती मेदाचे पातळ आवरण असते, आणि ते विषाणूने स्वतः तयार केलेले नसून रोग्याच्याच पेशीच्या आतील पडद्यापासून घेतलेले असते. या आवरणावर ‘ई’ नावाच्या प्रथिनाचे १८० रेणू फरशीसारखे आडवे बसवलेले असतात. विषाणूकडे स्वतःची ऊर्जा नाही आणि प्रथिने घडवणारी यंत्रणाही नाही, त्यामुळे पेशीबाहेर तो वाढत नाही, श्वसन करत नाही, विभागत नाही. पेशीत शिरल्यावर मात्र त्याचा आरएनए थेट आज्ञापत्रासारखा वाचला जातो आणि त्यातून एकूण दहा प्रथिने तयार होतात. त्यांपैकी तीनच प्रथिने कणाच्या बांधणीत वापरली जातात. उरलेली सात पेशीच्या आत विषाणूच्या प्रती काढण्याच्या कामाला लागतात, आणि त्यांना ‘रचनेत नसलेली’ या अर्थाने ‘एनएस’ म्हणतात.

एनएस-वन हे या सातांपैकी पहिले. ते विषाणूचा तुकडा नव्हे, ही गोष्ट अनेक शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. बाधित पेशी ते रक्तात सोडतात. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाल्याचे साखरेचे पोते दिसण्याआधी मळीच्या वासावरून कळते, तसे रक्तातील एनएस-वनवरून पेशींमध्ये विषाणूचे काम चालू असल्याचे कळते. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर त्याचे प्रमाण उतरू लागते. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला असेल, तर शरीरात आधीच असलेली प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने घडवलेली प्रथिने, त्याला पकडून ठेवतात आणि चाचणी आणखी लवकर निगेटिव्ह होते. आयजीएम हे आपल्या शरीराने तयार केलेले प्रतिपिंड असून ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मोजण्याइतके वाढते आणि पुढे दोन-तीन महिने रक्तात राहू शकते. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पाच दिवसांत एनएस-वनची आणि त्यानंतर आयजीएमची ‘एलायझा’ चाचणी करण्याची पद्धत आहे. चटकन निकाल देणाऱ्या पट्टीवरच्या चाचणीवर पूर्ण विसंबू नये, असेही त्यात अभिप्रेत आहे.

आयजीएमलाही मर्यादा आहेत. दुसऱ्यांदा डेंग्यू होतो तेव्हा आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड झपाट्याने वाढते आणि आयजीएम अगदी कमी राहू शकते. शिवाय डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच वंशातले असल्याने त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे एकमेकांच्या चाचणीत चिकटतात. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे २०२१ साली राज्यातील पहिला झिकाचा रुग्ण आढळला. अशा ठिकाणी निव्वळ प्रतिपिंडांच्या बळावर निदान पक्के करता येत नाही आणि विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणाऱ्या पीसीआरसारख्या चाचणीचा आधार घ्यावा लागतो.

मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत काम केले आहे. नमुन्यासोबत येणाऱ्या अर्जावर ‘तापाचा कितवा दिवस’ हा रकाना कितीदा तरी कोरा येत असे, आणि तो कोरा असला की हाती आलेल्या निकालाचा अर्थ लावणे अवघड होऊन बसे. म्हणून आग्रहाने सांगते, की रक्त देताना ताप कोणत्या तारखेला आला हे स्वतः लिहून द्या, कोणी विचारले नाही तरी. दुसरे असे, की अहवाल काहीही असो, ताप उतरण्याच्या सुमारास पोटात जोरात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले अथवा रोगी गळून गेला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नयेत. प्लेटलेट कमी होणे हेही डेंग्यूचे निदान नव्हे, कारण त्या हिवतापात आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही घटतात.

प्रश्न : हिपॅटायटिसच्या ए, बी, सी, डी आणि ई या विषाणूंची नावे ओळीने असल्यामुळे ते एकाच कुलातले असावेत असे वाटते. मग त्यांची पसरण्याची रीत इतकी वेगळी का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : तुमचा प्रश्न फार मार्मिक आहे. हे पाचही विषाणू एकमेकांचे नातलग नाहीत. ए हा पोलिओच्या विषाणूच्या कुलातला, म्हणजे पिकोर्नाव्हिरिडी कुलातला आहे. बी हा हेपाडनाव्हिरिडी कुलातला. सी हा डेंग्यूच्याच कुलातला, फ्लेव्हिव्हिरिडीमधला, पण त्याला डास लागत नाही. ई चे हेपेव्हिरिडी हे वेगळे कुल आहे. डी तर एकट्याने पसरूच शकत नाही, कारण त्याच्या कणाचे बाह्य आवरण बी विषाणूच्या प्रथिनाचे असावे लागते. पाचही यकृतावर हल्ला करतात आणि पाचांमुळेही कावीळ होऊ शकते, एवढ्याच कारणाने त्यांना ही अक्षरे मिळाली.

रोग, अवयव किंवा वाहक यांवरून विषाणूंची वर्गवारी का टिकत नाही, हे याच उदाहरणातून दिसते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या या दोन्ही रोगांचा प्रसार एडिस डास करतो, पण चिकुनगुन्याचा विषाणू टोगाव्हिरिडी कुलात आहे. वर्गीकरण करताना आधी जनुकीय द्रव्य पाहतात: ते डीएनए आहे की आरएनए, एकपदरी की दुपदरी, आणि एकपदरी आरएनए असेल तर तो पेशीला थेट वाचता येतो की आधी त्याची उलटी प्रत काढावी लागते. अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये याच निकषावर विषाणूंचे गट पाडले आणि आज अशा सात गटांची मांडणी शिकवली जाते. त्यानंतर कवचाची घडण आणि मेदाचे आवरण आहे की नाही हे पाहिले जाते. पोलिओसारख्यांचे कवच वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीचे असते, तर काहींचे मळसूत्रासारखे वळलेले असते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समिती आता संपूर्ण जनुकक्रमाच्या तुलनेवर सर्वाधिक भर देते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आवरणापाशी सुटतो. विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या ए आणि ई यांच्या कणांवर मेदाचे आवरण नसते, नुसते घट्ट प्रथिन कवच असते. यकृतातून आतड्यात उतरताना लागणारे पित्त हे साबणासारखेच मेद विरघळवते, पण या कणांवर त्याचा परिणाम होत नाही, आणि पुढे ते सांडपाण्यात व पिण्याच्या पाण्यात टिकून राहतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने काविळीची फार मोठी साथ आली होती. ती तेव्हा ए ची मानली गेली. जपून ठेवलेले रक्तनमुने अनेक वर्षांनी तपासल्यावर ती ए ची नव्हती हे कळले, आणि आज ती ई ची साथ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली ई विषाणूचीच साथ आली होती. गरोदर स्त्रियांसाठी हा विषाणू विशेष घातक ठरतो, त्यामुळे जलवाहिनी आणि गटार शेजारी-शेजारी असणे हा माझ्या मते आरोग्याचा पहिला प्रश्न आहे. बी, सी आणि डी यांच्यावर मेदाचे आवरण असते आणि त्यांचा प्रसार रक्तातून व शरीरातील स्रावांतून होतो. ‘आवरण असलेला विषाणू नाजूक’ हा नियम मात्र डोळे झाकून वापरू नये, कारण बी विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो.

आवरणाचा उपयोग घरातही होतो. अल्कोहोलयुक्त जंतुनाशक आवरण असलेल्या विषाणूंवर चांगले काम करते, पण जुलाब घडवणाऱ्या आवरणहीन नोरोव्हायरसवर ते तोकडे पडते. तिथे साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणे हाच खरा उपाय आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शकातून विषाणू दिसेल का? (बारावीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : नाही. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत आणि बहुतेक विषाणू त्याहून लहान असतात. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. विषाणूने पेशींवर केलेला परिणाम मात्र तुमच्यासारख्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतो: रेबीजने दगावलेल्या प्राण्याच्या मेंदूच्या पेशींतील नेग्री पिंड ही त्याची प्रसिद्ध खूण आहे.

प्रश्न : सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या की ‘व्हायरल आहे’ असे सांगतात. एवढी आधुनिक यंत्रे असताना नेमका विषाणू का सांगता येत नाही? (एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर : बहुतेक चाचण्यांना आपण विचारतो तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देता येते. पीसीआर घ्या. आरएनए विषाणू असेल तर प्रथम त्याच्या आरएनएची डीएनएमध्ये प्रत काढतात आणि मग त्यातील एक ठरावीक तुकडा दर आवर्तनाला दुप्पट करत नेतात, त्यामुळे वीस आवर्तनांत एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. परंतु कोणता तुकडा वाढवायचा हे आधी ठरलेले असते. डेंग्यूसाठी घडवलेल्या पीसीआरला समोर दुसरा विषाणू असला तरी तो दिसत नाही. शिवाय पीसीआरला सापडते ते जनुकीय द्रव्य असते. तो विषाणू जिवंत पेशीला बाधा करू शकतो की नाही हे त्यातून कळत नाही, आणि म्हणूनच बरा झालेला रोगीही काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतो.

काय शोधायचे हे ठाऊक नसताना कामाला येणारी जुनी रीत म्हणजे पेशीसंवर्धन: नमुना जिवंत पेशींवर घालायचा, पेशी मरतात का, फुगतात का, एकमेकींना चिकटतात का हे दिवसेंदिवस पाहायचे आणि जे वाढले त्याची ओळख पटवायची. ही पद्धत संथ आणि खर्चिक आहे, तिला सुरक्षित प्रयोगशाळा लागते, पण अनपेक्षित विषाणू सापडतो तो अशाच मार्गाने किंवा आजकाल सर्व जनुकक्रम वाचण्याच्या तंत्राने.

याचे एक ठळक उदाहरण आपल्याच शहरातले आहे. १९६५ मध्ये नागपुरात डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, दोन रोग्यांच्या रक्तात या दोहोंपैकी नसलेला तिसराच विषाणू मिळाला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या कुलातला, वालुमाशीने पसरणारा हा विषाणू आज चांदीपुरा म्हणून ओळखला जातो. तो बराच काळ दुर्लक्षित राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली आणि त्यामागे हाच विषाणू असल्याचे दिसून आले. तो नागपूरच्या नमुन्यांतून वेगळा करून ठेवलेला होता, म्हणूनच त्याच्याशी ताडून पाहणे शक्य झाले.

तेव्हा ‘व्हायरल’ या शब्दावर समाधान मानायचे की पुढे तपासायचे, हे रोग्याच्या प्रकृतीवरून ठरते. तीन-चार दिवसांत उतरणाऱ्या साध्या तापात विषाणूचे नाव कळल्याने उपचार बदलत नाहीत आणि तिथे डॉक्टर थांबतात ते योग्यच आहे. मूल झटके देऊ लागले, शुद्ध हरपली किंवा एकाच वस्तीत अनेकांना तसाच ताप आला, तर मात्र नाव कळलेच पाहिजे. अशा वेळी नमुना लवकर घेणे, तो बर्फावर ठेवून संदर्भ प्रयोगशाळेकडे रवाना करणे आणि दोन आठवड्यांनी रक्ताचा दुसरा नमुना देणे आवश्यक असते, कारण पहिल्या नमुन्याच्या तुलनेत प्रतिपिंडे चौपट वाढली असतील तर तो संसर्ग ताजा असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. ताप उतरल्यावर दुसऱ्या नमुन्यासाठी फार थोडे लोक परत येतात. आपल्या शाळेतील पालकांना एवढे जरूर सांगा, की बोलावणे आले तर त्या दिवशी मुलाला घेऊन यावे.