साओ पाउलोचं आफ्रो-ब्राझिलियन म्युझियम: वेळेचं नंतर बघा, आधी यलो फीवरचं कार्ड

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं वर आलं. सहा दिवसांची ट्रिप, इबिरापुएरा पार्कमधलं मुझेउ आफ्रो ब्राझील बघायचंय, दोन तास पुरतील का, आणि शेवटी सहज विचारलंय की यलो फीवरची (डासांमुळे पसरणाऱ्या तापाची) लस निघायच्या दोन दिवस आधी घेतली तर चालेल ना. अहो, खरा प्रश्न तो शेवटचाच आहे.

व्हिसा वगैरे तुम्ही बघितलंच असेल. मी शनिवारी लस घेतली, रविवारी निघालो, परतीचं विमान पुढच्या शनिवारी रात्री, म्हणजे मुंबईत सोमवारी. ब्राझीलहून भारतात परतताना या लसीचं सर्टिफिकेट, म्हणजे ते कार्ड, दाखवावं लागतं. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि मी नवव्या दिवशी उतरणार होतो! तिकीट काढून देणाऱ्या ऑफिसात मी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा "कार्ड हातात असलं की झालं सर" हेच उत्तर. कार्डावर तारीख स्पष्ट लिहिलेली होती, मी वाचली नाही हा माझा गाढवपणा, पण पैसे घेताना त्यांना बरोबर सगळं वाचता येत होतं. परतताना चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीने त्या तारखेवर बोट ठेवलं तेव्हा पोटात गोळा आला. तसाच आलो असतो तर इथे सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. रविवार फोनाफोनीत गेला, सीट मिळाली सोमवार रात्रीची, हॉटेल आणि तिकिटाचा फरक खिशातून.

म्हटलं चला, शनिवारी अर्धवट राहिलेलं म्युझियम तरी बघून होईल. सोमवारी बंद! दारासमोर नारळपाणी पीत बसलो, दुसरं काय करणार.

आता दोन तासांचं. शनिवारी माझ्याकडे दोनच तास होते आणि खालचा मजलासुद्धा धड झाला नाही. जागा अकरा हजार चौरस मीटरच्या आसपास आहे, इमारत ब्राझीलचे प्रसिद्ध वास्तुविशारद ऑस्कर नीमायर यांची, आणि बाहिया या ब्राझीलमधल्याच राज्याचे कलावंत इमॅन्युएल अराउजो यांनी स्वतःच्या संग्रहातून 2004 साली हे उभं केलं. ते 2022 मध्ये गेले, आता म्युझियमच्या नावात त्यांचं नाव आहे. गुलामांच्या जहाजाचा लाकडी सांगाडा आहे तिथे माणसं आपोआप गप्प होतात. मी मात्र अडकलो एका चांदीच्या दागिन्यापाशी. बालांगांदां म्हणतात, बाहियातल्या काळ्या बायका कमरेला लावायच्या. एका चांदीच्या पट्टीला मासा, डाळिंब, वळलेली मूठ, किल्ल्या असं काय काय लोंबतंय. आजीचा कमरेचा छल्लाच आठवला. खाली पोर्तुगीजमध्ये 'शावे' असा शब्द, म्हणजे आपली चावी, पोर्तुगीजांनीच दिलेली. पाट्या बहुतेक पोर्तुगीजमध्येच आहेत, त्यामुळे फोनवर ट्रान्सलेटर टाकून ठेवा.

माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: जाण्याआधी लुईस गामांबद्दल थोडं वाचा. दहाव्या वर्षी सख्ख्या बापाने गुलाम म्हणून विकलं, सतराव्या वर्षी वाचायला शिकले आणि पुढे कोर्टात लढून पाचशेहून जास्त माणसं गुलामीतून सोडवली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1888 मध्ये, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. हे डोक्यात असलं की तिथली चित्रं, मुखवटे, उसाच्या मळ्यातली अवजारं नुसत्या वस्तू वाटत नाहीत. ज्यांना फक्त सेल्फी काढायचेत त्यांनी पार्कातच फिरावं, तेही छान आहे.

पार्क अवाढव्य आहे, टॅक्सीवाल्याला नुसतं इबिरापुएरा सांगू नका, दहा नंबरचं गेट सांगा. मी भलत्याच गेटवर उतरून उन्हात तंगडतोड केली. तिथल्या बऱ्याच वेबसाइट्स सीपीएफ मागतात, तो त्यांचा टॅक्स नंबर, आपल्याकडे नसतो, तेव्हा ऑनलाइन बुकिंग अडलं तर घाबरू नका. बाहियात सल्वादोरला जाणार असाल तर तिथलं आफ्रो-ब्राझिलियन म्युझियमही बघा, कॅरिबे नावाच्या कलावंताने देवदारात कोरलेले ओरिशा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या, देवतांचे 27 पॅनल आहेत, माणसापेक्षा उंच.

मी डॉक्टर नाही, नियम बदलतात, लसीचं अधिकृत केंद्रावरच विचारा. आणि केंद्रात रोज लस मिळेलच असं धरून चालू नका, कुपीत बरेच डोस असतात म्हणून बऱ्याच ठिकाणी ठरावीक वारीच देतात. तुमची तारीख पुढच्या महिन्यातली आहे ना? मग उद्या सकाळीच फोन लावा.