जायकवाडीच्या पाणथळीत मित्र आणि लॅब्राडोर घेऊन बदकांच्या शिकारीला जाता येईल का?

नाही, जाता येणार नाही. छऱ्याच्या बंदुकीनं नाही आणि अभयारण्याबाहेरच्या एखाद्या गावतळ्यावरही नाही. तुम्ही लिहिलंय की परदेशी व्हिडिओंत दोघं मित्र पहाटे कुत्रा घेऊन दलदलीत दबा धरून बसतात, तसं हिवाळ्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, कडेला करावंसं वाटतं. मित्राकडं छऱ्याची बंदूक आहे आणि तुमचा लॅब पाणी दिसलं की थांबत नाही. आधी विचारलंत हे फार बरं केलंत. काही छऱ्याच्या बंदुका परवान्याशिवाय मिळतात, म्हणून त्यांनी पाखरू मारलं तर चालतं, असा समज आमच्या पैठणकडंही पुष्कळांचा आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. सुरुवातीला परवाना काढून काही प्राण्यापक्ष्यांची शिकार करता यायची. १९९१च्या दुरुस्तीनं तो रस्ता बंद झाला. शिकार म्हणजे कायदा नुसतं मारणं धरत नाही. फास लावणं, जाळं टाकणं, विष घालणं, अंडी-घरटी मोडणं, पाठलाग करणं, हाकून काढणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न, सगळं त्यातच येतं. म्हणजे बंदूक घरी ठेवली आणि मुद्दाम कुत्रा थव्यावर सोडला तरी सुटका नाही. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद होऊ शकते, आणि परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत जायलाही बंदी आहे.

व्हिडिओत जे दिसतं त्यामागं तिकडं मोठी यंत्रणा आहे, ती व्हिडिओत दिसत नाही. अमेरिकेत बदकांचा हंगाम दरवर्षी ठरवून देतात, माणशी दिवसाला किती मारायची याला मर्यादा असते. परवाना तर लागतोच, वर केंद्र सरकारचं २५ डॉलरचं एक तिकीटही घ्यावं लागतं. ते १९३४ पासून सुरू आहे आणि त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा विकत घेऊन राखण्यात जातो. १९९१ पासून बदकांवर शिशाचे छरे वापरायला देशभर बंदी आहे, कारण तळाशी पडलेले छरे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. तिकडचं बरोबर की चूक यात मी पडत नाही. आपल्याकडं मात्र ही चौकटच नाही, आणि मला ती नकोच आहे.

का नको ते सांगतो. नोव्हेंबरपासून नाथसागरावर जी पाखरं उतरतात त्यातले पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक हेही दूर उत्तरेकडचे पाहुणे. हळदी-कुंकू बदक तेवढं इथलंच. यातली पुष्कळ बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर अंग टाकून असतात. तुम्हाला वाटतं थवा नुसता बसलाय. खरं तर तो परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतो. कुत्रा एकदा पाण्यात शिरला की शेकडो पाखरं एकदम उठतात, आणि सकाळभरात दोनचारदा असं झालं की त्यांचं साठवलेलं सगळं उडण्यातच जातं. म्हणून बंदूक नसली तरी अभयारण्यात कुत्रा नेऊ नका. माझ्याकडंही लॅब आहे, आणि मी मित्राबरोबर पाखरं बघायला जातो तेव्हा तो घरीच असतो.

आता तुमच्या कुत्र्याकडं येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला तोच सगळ्यात जास्त दिसला. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. गार पाण्यात उडी मारून दोर, जाळी, सुटलेले मासे तोंडात धरून आणायचं त्यांचं काम. पायाच्या बोटांमध्ये पडदा, पाणी आत जाऊ न देणारे दुहेरी थराचे केस, जाड शेपूट आणि वस्तू न चावता धरणारं मऊ तोंड, हे सगळं तिथून आलेलं. लातूरकडचे कारवान किंवा पश्मी नजरेनं सावज हेरून पळतात, ती जात वेगळी. तुमच्या लॅबला मारायचं नाही, आणून द्यायचंय. बदकावाचून त्याचं काहीच अडत नाही.

जुन्या गोणपाटात थर्माकोलचे तुकडे भरून हातभर लांबीचा ठोकळा शिवा, एका टोकाला दोरी. मित्राला पलीकडच्या काठावर उभा करा. तो ठोकळा फेकेल, तुम्ही कुत्र्याला शेजारी ‘बस’ म्हणून बसवून ठेवायचं. ठोकळा पडला कुठं हे त्यानं नजरेत धरायचं आणि तुम्ही सोडाल तेव्हाच निघायचं. अवघड आहे ते थांबणंच. शिकारीच्या कुत्र्यांनाही आधी हेच शिकवतात. आधी कोरड्या बांधावर, मग गुडघाभर पाण्यात, मग पोहायला लावून. चारपाच फेऱ्यांत आवरा, त्याला अजून हवंसं वाटत असतानाच.

जागा मात्र बघून निवडा. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं अजिबात नको. त्याच्या उताराला नखं लागत नाहीत. कुत्राच काय, पोहणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही आणि आपल्या भागात असे जीव गेलेत. मातीचा सावकाश उतार असलेला पाझर तलाव किंवा ओढ्याचा डोह घ्या, जिथं पाखरांचा थवा बसलेला नाही. पाण्यावर हिरवी साय आली असेल तर परत फिरा, त्यातली काही शेवाळं कुत्र्याला जिवावर बेततात. फेब्रुवारी संपला की ऊन चढायच्या आत घरी या, या जातीला उष्माघात लवकर होतो. नंतर कान आतून कोरडे करा.

मेलेलं पाखरू त्याला तोंडात धरू देऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. रानबदकं आजारी न दिसताही हा विषाणू वाहतात.

पाखरं बघायला दोघंच या, दुर्बीण घेऊन, उजाडायच्या आत. कायगाव टोक्याला, प्रवरा गोदावरीला मिळते तिथं, पहिल्यांदा येणाऱ्याला सोपं पडतं. पाणी ओसरलेल्या जागी गाळावर पाय टाकू नका: वर पापुद्रा वाळलेला असतो, खाली काळी माती मांडीपर्यंत ओढते. माझा मित्र धरणग्रस्त कुटुंबातला आहे, त्यांची गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीतली पेरणी, तिथंच असते, तोसुद्धा मळलेल्या वाटेवरूनच चालतो. हरभऱ्याचे कोवळे कोंब खायला पट्टकादंब सकाळी त्या रानात उतरतात, तेव्हा बांधावर बसूनही ते नीट दिसतात. आणि कुठं पाखरांसाठी लावलेलं जाळं दिसलं तर स्वतः ओढू नका, लावणारा जवळच असतो. जागा नीट लक्षात ठेवा, थोडं लांब या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.