वाचकांचे प्रश्न : जयंतीनंतर काय?

प्रश्न : वस्तीतल्या पोरांसाठी संविधान वाचन गट काढला, तिसऱ्याच आठवड्यात बसला. काय चुकलं? – एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : कलम १ पासून ओळीने वाचलं असणार! तिथे राज्यं, नागरिकत्व, पोरं कंटाळणारच. थेट १७ उघडा, अस्पृश्यता नष्ट. मग १५(२) : दुकानं, विहिरी, तलाव सर्वांना खुले. शेजारी २० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह ठेवा; कलमामागचं पाणी दिसतं. नंतर ३२, मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा हक्क, बाबासाहेबांनी ज्याला संविधानाचा आत्मा म्हटलं.

दहा जण, एक तास, एकच कलम. भाषणवाल्या काकांना शेवटची पाच मिनिटं.

आणि गटातल्या कुणाची शिष्यवृत्ती अडलीय? माहिती अधिकाराचा अर्ज करा : शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘का अडली’ विचारू नका, असा अर्ज फेटाळतात. फाइलवरच्या नोंदींची प्रत मागा.