मूळव्याधीची सुरुवात कशी ओळखायची? रक्त दिसतं, पण दुखत नाही

तुम्ही विचारलंय, "महिन्याभरात तीनदा शौचानंतर रक्त दिसलं, पण दुखत अजिबात नाही. म्हणजे मूळव्याध नसावी ना? सुरुवात असेल तर ओळखायची कशी आणि घरी काय करायचं?" यातलं 'दुखत नाही म्हणजे नसावी' हे वाचलं आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. या एका समजुतीपायी लोक वर्षानुवर्षं वाया घालवतात. आतल्या मूळव्याधीची सुरुवात न दुखताच होते. उलट सुरुवातीलाच कापल्यासारखं दुखत असेल, तर बहुतेक वेळा ती मूळव्याध नसतेच.

कारण शरीररचनेत आहे. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. मुख्य गाद्या तीन, एक डावीकडे आणि दोन उजवीकडे, पुढे-मागे. नळाच्या वायसरसारखं त्यांचं काम, वायू आणि पातळ मळ गळू न देण्याचं. गुदद्वार बंद ठेवणाऱ्या दाबातला 15 ते 20 टक्के वाटा या गाद्यांचा असतो. त्यांना जागेवर धरून ठेवणारे तंतू सैल झाले, गाद्या फुगून खाली सरकल्या, की त्याला आपण मूळव्याध म्हणतो. गुदमार्गात एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला ताण आणि जडपणा कळतो, पण कापल्याची वेदना कळत नाही. तिच्या खालची कातडी मात्र अतिशय हळवी. आतली मूळव्याध या रेषेच्या वर असते, म्हणून रक्त येतं आणि दुखत काहीच नाही. तिथे भूल न देता फुगलेल्या गादीचं मूळ आवळणारा रबर बँड बसवता येतो तोही याच कारणाने.

आता रक्ताकडे नीट बघा. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, कारण या गाद्यांत धमन्या आणि शिरा थेट एकमेकींना जोडलेल्या असतात. ते मळात कालवलेलं नसतं. मळावर रेघ दिसते, पुसताना लागतं, किंवा शौच संपता संपता थेंब गळतात. जोर केला तर चिळकांडीही उडते. पाण्यात चमचाभर रक्तही भांडं लाल करून टाकतं, त्यामुळे पाण्याच्या रंगावरून अंदाज बांधू नका. थेंब मोजा आणि किती दिवसांनी आलं ते लिहून ठेवा. रक्ताखेरीज सुरुवातीच्या खुणा अगदी साध्या असतात: शौचानंतर जडपणा, चिकट ओल, कपड्याला डाग, त्या ओलीमुळे खाज. खाज सुटली की लोक साबणाने घासघासून धुतात आणि कातडी सोलवटून आणखी खाजवून घेतात. साध्या पाण्याने धुवून टिपून घ्या, एवढंच.

दुसरी चूक म्हणजे स्वतः बोटाने चाचपून 'काही लागत नाही' म्हणून निश्चिंत होणं. पहिल्या अवस्थेतली मूळव्याध बोटाला लागतच नाही. ती मऊ असते, दाबली की चपटी होते. ती दिसते प्रॉक्टोस्कोपमधून, म्हणजे आखूड नळी घालून प्रकाशात बघितल्यावर. दुसऱ्या अवस्थेत कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही आत राहत नाही. कोंब हाताला लागल्यावर ज्याला लोक 'सुरुवात' म्हणतात, ती खरं तर दुसरी किंवा तिसरी अवस्था असते. तुमची वेळ आत्ताची आहे.

दुखत असेल तर काय असू शकतं तेही सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही. शौच करताना काचेने कापल्यासारखं दुखलं, नंतर तासन्‌तास ठणकलं आणि थोडंसंच रक्त आलं, तर ते फिशर, म्हणजे चीर. ती बहुधा मागच्या बाजूला, मध्यरेषेवर असते. जोर केल्यावर किंवा जड उचलल्यावर गुदद्वाराच्या कडेला अचानक निळसर, टणक, वाटाण्याएवढी गाठ आली आणि बसवेना, तर ती बाहेरच्या शिरेत रक्त गोठल्याची गाठ. ती पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त दुखते, मग दुखणं उतरतं आणि काही आठवड्यांत गाठ जिरते. ती काढून टाकण्याचा फायदा पहिल्या 72 तासांतच आहे, त्यानंतर बहुतेक वेळा थांबलेलं बरं. वाढत जाणारा ठणका, सूज आणि ताप म्हणजे पू. त्यासाठी मलम लावत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता माझ्या जुन्या वादाकडे येतो. 'रक्त म्हणजे मूळव्याधच' हे ठरवून टाकणारे लोक मला 'दुखत नाही, म्हणजे काही नाही' म्हणणाऱ्यांइतकेच धोकादायक वाटतात. मूळव्याध इतकी सर्रास असते की तपासलं तर ती सापडतेच. पण ती सापडली म्हणून रक्त तिच्यातूनच येतंय हे सिद्ध होत नाही. त्याच माणसाला वर मोठ्या आतड्यात मांसांकुर (पॉलिप) किंवा कर्करोगही असू शकतो. मूळव्याधीचं रूपांतर कर्करोगात होत नाही, हे खरं. पण मूळव्याधीच्या आड कर्करोग लपतो, हेही तितकंच खरं. म्हणून रक्त गडद असेल, मळात मिसळलेलं किंवा आवेसोबत येत असेल, पोट साफ होण्याची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटत राहत असेल, वजन उतरलं असेल, हिमोग्लोबिन कमी निघालं असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघण्याचा विषय डॉक्टरांकडे तुम्ही स्वतःहून काढा. वय 45 च्या पुढे असेल तर रक्त कसंही दिसो, विषय काढाच. वय कमी आहे म्हणून मात्र वरच्या खुणांकडे काणाडोळा करायचा नाही, तरुणांतही हा कर्करोग दिसतो. डांबरासारखा काळा, चिकट मळ म्हणजे रक्त जठराच्या बाजूने येतंय. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो आणि बिटाने लाल होतो, तेवढं आधी आठवून बघा.

घरी काय करायचं? मलमापासून सुरुवात करू नका. सुरुवात घड्याळापासून करा. भांड्यावर 3 ते 5 मिनिटं, बस. तेवढ्यात झालं नाही तर उठा आणि पुन्हा कळ आल्यावर जा. कमोडच्या भोकाळ्या सीटवर खालच्या भागाला आधार नसतो, स्नायू सैल असतात आणि रक्त त्या गाद्यांत साठत राहतं. कुंथलं नाही तरी नुसतं बसून राहणंही पुरतं. फोन बाहेर ठेवा. 2025 साली कोलोनोस्कोपीसाठी आलेल्या 125 जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शौचालयात फोन वापरणाऱ्यांत मूळव्याध असण्याची शक्यता 46 टक्क्यांनी जास्त आढळली, आणि 5 मिनिटांहून जास्त बसणारेही त्यांच्यातच कितीतरी जास्त होते. अभ्यास लहान आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण फोन बाहेर ठेवायला एवढा पुरावा पुरे. कमोड असेल तर पायाखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. जेवणानंतर अर्ध्या तासात आतडी आपोआप हलतात, ती वेळ साधा आणि आलेली कळ दाबून ठेवू नका.

मग आहारातले तंतू, म्हणजे फायबर. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम लागतात. सालासकट मध्यम सफरचंदात साधारण 4 ग्रॅम, शिजवलेल्या अख्ख्या मसुरीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 8 ग्रॅम. एवढा हिशोब केला तरी आपण किती कमी पडतो ते दिसतं. उरलेली तूट इसबगोलने भरा. रोज 5 ग्रॅमने सुरुवात करा आणि पोट मानवलं तर आठवड्याने 10 ग्रॅमवर जा. भुसा हलका असतो, चमच्याचा अंदाज फसतो, म्हणून एकदा काट्यावर तोलून बघा. प्रत्येक 5 ग्रॅमला निदान 250 मिली पाणी, कालवल्याबरोबर प्यायचं, घट्ट होऊ द्यायचं नाही. इतर औषधं आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, पहिल्याच दिवशी भरपूर घेतात, पोट फुगतं आणि 'मला सोसत नाही' म्हणून सोडून देतात. दोन, चार दिवसांत रक्त थांबलं नाही म्हणून सोडतात. तंतूंचा गुण दिसायला सहा आठवडेही लागतात. नेमाने घेतले तर रक्त पडण्याचा त्रास साधारण निम्म्याने उतरतो, आणि ते कोणत्याही मलमाला जमत नाही. रोज रात्री जुलाबाची गोळी घेणं हा यावरचा पर्याय नाही. पातळ शौच वारंवार होणंही त्या जागेला तेवढंच त्रासदायक. मऊ, सलग, न कुंथता बाहेर येणारा मळ हवा.

कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा बसल्याने आवळलेला स्नायू सैल होतो. चीर आणि गाठीच्या दुखण्यावर हे छानच. तुमच्यासारख्या न दुखणाऱ्या रक्तावर त्याचा फारसा उपयोग नाही. पाणी अंगाला सुखद वाटेल इतकंच कोमट, त्यात मीठ किंवा जंतुनाशक काही टाकायला नको. स्टेरॉइड असलेलं मलम एका आठवड्याच्या वर नको, त्याने कातडी पातळ होते. बधिर करणाऱ्या मलमाने खाज तात्पुरती शमते, पण काहींना त्याचीच ॲलर्जी येते आणि खाज दुप्पट होते. तिखटाला मात्र उगाच दोष दिला जातो. खाऊन जळजळ होत असेल तर टाळा, पण नुसतं तिखट सोडून मूळव्याध जात नाही.

घरच्या उपायांना सहा आठवडे द्या, पण तपासणी त्याआधी, शक्यतो याच आठवड्यात उरका. ती पाच मिनिटांची असते. कुशीवर झोपवून आधी बाहेरून बघतात, मग बोटाने तपासतात, मग प्रॉक्टोस्कोप. बोटाच्या तपासणीला लाजू नका. गुदाशयातली खालची गाठ बरेचदा त्या बोटालाच सापडते. नुसतं ऐकून, न तपासता 'मूळव्याध आहे' म्हणून चिठ्ठी लिहून देणाऱ्याचं निदान मी निदान मानत नाही.

'ऑपरेशन केलं तरी परत होतेच, मग जायचं कशाला?' हा वाद मला प्रत्येक ठिकाणी ऐकावा लागतो, आणि तो अर्धवट माहितीचा आहे. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत ऑपरेशन लागतच नाही. तंतूंनी भागलं नाही तर दवाखान्यातच रबर बँड लावतात. गादीचं मूळ आवळलं जातं, 5 ते 10 दिवसांत तो भाग सुकून पडतो आणि तिथे व्रण धरून अस्तर वर ओढलं जातं. परत होणं खोटं नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 372 रुग्णांच्या चाचणीत एकदा बँड लावलेल्यांपैकी 49 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा तक्रार झाली. पण बँड पुन्हा लावता येतो, आणि माणूस सहसा एक-दोन दिवसांत कामाला लागतो. कोंब कापून काढण्याची पद्धत मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 साली मांडली, ती आजही तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत खात्रीची आहे. मात्र नंतरचे दोन ते चार आठवडे शौचाला जाणं जिवावर येतं. पहिल्या अवस्थेत हालचाल करा असं मी कानीकपाळी ओरडतो, ते हे आठवडे टळावेत म्हणून.

काही अपवाद राहिले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बँड लावण्याआधी सांगा, आणि ती गोळी मनाने बंद करू नका. यकृताचा सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचं कडक होण्याचा आजार असेल तर गुदाशयातल्या फुगलेल्या शिरा मूळव्याधीसारख्या दिसतात, त्यांना बँड लावणं धोक्याचं आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झालेली मूळव्याध बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप ओसरते, तोवर तंतू आणि पाणी यांवरच निभावतात. बँड लावल्यावर लगेच तीव्र दुखलं तर तो दातेरी रेषेच्या फार जवळ बसलाय, तिथल्या तिथे काढायला सांगा. पुढच्या काही दिवसांत वाढतं दुखणं, ताप आणि लघवी अडणं अशी लक्षणं दिसली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालयात जा. आणि आत्ताही रक्त थांबत नसेल, गुठळ्या पडत असतील किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर याच आठवड्यात नव्हे, आत्ता निघा.