तडा गेला, मग पुढे?

"काच फुटली तर?" काचेच्या पुलावर जायचं ठरलं की हा प्रश्न घेऊन माणसं भीतीवर मदत मागायला माझ्याकडे येतात, आणि बहुतेक जण सुरक्षिततेची माहिती तोंडपाठ करूनच येतात. तरी पाय उचलत नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

चाळिशीतल्या एक बाई आल्या. मुलीसोबतच्या सहलीत काचेचा पूल होता. धीर यावा म्हणून त्या रोज एकच व्हिडिओ बघत: चीनच्या हुनान प्रांतातल्या झांगज्याज्ये इथल्या, दरीपासून सुमारे 300 मीटर उंच पुलाची 2016 मधली जाहीर चाचणी. पूल खुला करण्याआधी लोकांच्या हाती घण देऊन काचेवर घाव घालायला लावले होते.

"पण तडा गेलाच ना!"

"मग पुढे काय झालं?"

"पुढे?" त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "मी तिथेच बंद करते."

मला हवं होतं ते इथे सापडलं. पुढच्या दृश्यात त्याच तडकलेल्या काचेवरून माणसांनी भरलेली मोटार जाते. त्यांच्या मनातली गोष्ट मात्र तड्यापाशीच थांबायची आणि उरलेली गोष्ट भीती रचायची. त्या दिवशी आम्ही व्हिडिओ तीनदा शेवटपर्यंत पाहिला.

"म्हणजे तडा जाणं आणि कोसळणं वेगळं?" हो, अगदी वेगळं. अशी फरशी एकावर एक काचा चिकटवून केलेली असते. वरची काच घाव सोसायलाच असते. ती फुटली तरी तुकडे मधल्या चिवट थराला चिकटून राहतात आणि भार खालच्या काचा पेलतात.

एवढं पटूनही गुडघे लटपटतातच, आणि त्यात कमीपणा नाही. गिब्सन आणि वॉक या मानसशास्त्रज्ञांच्या 1960 च्या प्रयोगात काचेच्या एका भागाखाली खोल पोकळी दिसत होती; भक्कम काच असूनही बहुतेक रांगती बाळं त्या खोल भागावर गेली नाहीत. शिवाय तोल सांभाळायला डोळ्यांना जवळची स्थिर वस्तू लागते; खाली फक्त दरी दिसली की तो आधार सुटतो. म्हणून आधी पोलादी चौकटीकडे, कठड्याकडे बघा आणि मग काचेकडे. श्वास रोखू नका. सराव कमी उंचीच्या काचेच्या फरशीवर सुरू करा. डोळे मिटून धावत पार होऊ नका, कारण मग शरीर 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतं. भीती चढेल, ती उतरू लागेपर्यंत तिथेच थांबा. माझा सगळा भर या थांबण्यावर असतो.

सावधगिरी आणि भीती यांची गल्लत मात्र करू नका. मे 2021 मध्ये चीनच्याच जीलिन प्रांतातल्या लाँगजिंग इथे सोसाट्याच्या वाऱ्याने पुलाच्या काही काचा उडाल्या आणि एक पर्यटक अडकला. शेवटी तो सरपटत सुखरूप बाहेर आला. तेव्हा पुलापाशी गेल्यावर विचारायचं ते हे: जोराच्या वाऱ्यात पूल बंद करतात का, एका वेळी किती जणांना सोडतात, आणि काचांच्या पकडी शेवटच्या कधी तपासल्या?

या बाईंनी पुलावर जाण्याआधी हे तिन्ही प्रश्न विचारले. मग मधोमध सात मिनिटं उभ्या राहिल्या. पहिली चार, त्या म्हणाल्या, फार लांब होती.